झील कोण धरतं?

१८७३ हे साल आपल्याला पाठ आहे. त्या वर्षी २४ सप्टेंबरला जोतीबांनी पुण्यात सत्यशोधक समाज काढला आणि 'गुलामगिरी' त्याच साली छापली. त्याच वर्षी जूनमध्ये, बाल्टिक समुद्राच्या काठी रिगा शहरात लाटव्हियन लोकांचा पहिला गीत-महोत्सव भरला. हजारेक गाणारे जमले होते. दोन पिढ्यांमागं त्यांचे आजे-पणजे जर्मन जमीनदारांच्या शेतावर बांधलेले भूदास होते. या दोन घटनांचा एकमेकींशी तसा काही संबंध नाही. पण जोतीबांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्यांना अर्पण केली होती, म्हणजे आपल्या दुःखाचा जोडीदार दूरदेशी शोधायची खोड आपल्याला पहिल्यापासून आहे. म्हणून मी बुलडाण्यात बसून लाटव्हियाबद्दल लिहितो आहे. कोणाला हे परदेशी पांडित्य वाटलं तर वाटो. लिहायचं आहे ते आपल्याच भीमगीताबद्दल.

आधी तो देश केवढा ते सांगतो. २०११ च्या जनगणनेत आमच्या बुलडाणा जिल्ह्यात २५ लाख ८६ हजार माणसं होती. लाटव्हिया हा अख्खा देश त्याहून लहान, आज वीस लाखसुद्धा नाही. २०२३ मध्ये त्यांच्या महोत्सवाला दीडशे वर्षं झाली तेव्हा गाणारे आणि नाचणारे मिळून चाळीस हजारांवर लोक उतरले होते. ऐकणारे वेगळे. साधारण दर पाच वर्षांनी हे होतं. खेड्याखेड्यात गायकवृंद आहेत, ते वर्षानुवर्षं तीच गाणी बसवतात, पारख होते, मग रिगाच्या जंगलातल्या मोठ्या खुल्या रंगमंचावर हजारो गळे एका माणसाच्या हाताकडं बघून एकदम उघडतात. बरीच गाणी वाद्याशिवाय. बायकांचे वरचे आणि खालचे, पुरुषांचे वरचे आणि खालचे, असे चार पदर एकमेकांत विणलेले असतात. मी हे मोबाइलवरच ऐकलं आहे, भाषेचा एक शब्द कळत नाही. पण अंगावर काटा आला हे खरं, आणि तो काहून आला याचा विचार करता करता हा लेख झाला.

भूदासपण तिथं १८१७ आणि १८१९ साली, दोन प्रांतांत दोन वेळा कायद्यानं गेलं. माणूस सुटला, जमीन मात्र जमीनदाराकडंच राहिली. हे वाचताना मला दादासाहेब गायकवाडांचा भूमिहीनांचा लढा आठवला. ज्याच्याकडं जमीन नाही, राज्य नाही, शाळा मालकाच्या भाषेत आहे, त्याच्याकडं उरतं काय? गळा उरतो. त्यांच्याकडं चार ओळींची छोटी लोकगीतं होती, त्यांना ते 'दायना' म्हणतात. दळताना, गुरं राखताना, लग्नात, मयतीला म्हणायची. कवीचं नाव नाही, बहुतेक बायांनी रचलेली. आपल्या जात्यावरच्या ओव्याच म्हणा ना. मालक म्हणायचे, या शेतकऱ्यांना कसली आली संस्कृती, यांची भाषा म्हंजे गोठ्यातली भाषा. हे वाक्य आपल्या कानाला नवं आहे का?

यानिस त्सिम्झे नावाच्या माणसानं १८३९ पासून खेड्यातल्या शाळांसाठी मास्तर तयार केले, आणि प्रत्येक मास्तराला गाणं शिकवायला शिकवलं. ते मास्तर गावोगाव गेले, त्यांनी पोरं आणि बाप्ये जमवून गायकवृंद उभे केले. १८७३ चे हजार गळे आभाळातून पडले नव्हते. ते शाळेतून आले होते. जोतीबांनी १८४८ ला शाळा काढली, सावित्रीबाईंचं 'काव्यफुले' १८५४ चं. शाळा आणि गाणं ही दोन कामं आपल्याकडंही एकाच घरातून निघाली.

आता वादाचा मुद्दा. समूहगानाचा हा साचा लाटव्हियनांचा नव्हताच. तो जर्मनांचा होता. मालकांच्या गायनमंडळ्या होत्या, मालकांचे गीत-महोत्सव होते. गुलामांनी मालकाचा साचा उचलला आणि त्यात स्वतःची भाषा ओतली. आज त्यांना कोणी 'नकलाकार' म्हणत नाही, उलट २००३ साली युनेस्कोनं त्यांच्या महोत्सवाला मानवजातीचा वारसा म्हणून गौरवलं. आणि आमचे वामनदादा कर्डक लावणीच्या, भजनाच्या, सिनेमाच्या चालीवर गीत रचतात तेव्हा पांढरपेशा समीक्षक नाक मुरडून म्हणतो, चाल उसनी आहे. प्रचारी आहे. याला संगीत कसं म्हणायचं?

ह्या आक्षेपाला आजवर आपल्या लोकांनी दिलेलं उत्तर मला अपुरं वाटतं. आपण म्हणतो, आशय बघा, शब्द बघा, विद्रोह बघा. म्हणजे चालीच्या बाबतीत आपण आरोप कबूल करून टाकतो. मला तो कबूल नाही. भीमगीतांच्या जुन्या पुस्तिका ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना माहीत आहे की गीताच्या डोक्यावर 'चाल' म्हणून एक ओळ छापलेली असते, अमुक गाण्याची चाल. ही एक ओळ म्हणजे आमची स्वरलिपी आहे. लाटव्हियन शेतकऱ्याला त्सिम्झेच्या मास्तरानं कागदावरचे सूर वाचायला शिकवले. आमच्या वस्तीत तो मास्तर कधी आला नाही. ज्या शाळेत पोरगं ओसरीवर बसून शिकायचं तिथं त्याला सूर कोण शिकवणार? तर आमच्या कवीनं काय केलं, जी चाल अख्ख्या वस्तीच्या कानात आधीच आहे तीच धरली. गीत पहिल्यांदा म्हटलं जातं त्याच रात्री दुसऱ्या कडव्याला सगळी वस्ती सामील होते. तालीम नको, पेटी नको, अक्षरओळख नको. मेहकरकडचे एक म्हातारे झीलकरी मला म्हणाले, "चाल नवी असन तं लोक आयकते. चाल ठावकी असन तं लोक म्हंते." सगळ्या वादाचं उत्तर या दोन वाक्यांत आहे. उसनी चाल ही गरिबी नव्हती, ती ऐकणाऱ्याला गाणारा करण्याची युक्ती होती. वामनदादा स्वतः मोठेपणी अक्षर शिकलेले. निरक्षर माणसाच्या डोक्यात गाणं कसं बसतं हे त्यांना कोणा प्राध्यापकानं शिकवायची गरज नव्हती.

आता झीलकऱ्याकडं येतो, कारण लेख त्याच्याबद्दल आहे.

तमाशात, पोवाड्यात, जलशात मागं उभा राहून धृपद उचलणारा, मुख्य गायकाचा शेवटचा सूर धरून ताणणारा तो झीलकरी. लोक त्याला दुय्यम समजतात. पोस्टरवर नाव गवयाचं, बिदागी गवयाला जास्त. सत्यशोधक जलसे आले, मग १९३० नंतर भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले, मग अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक आलं. या सगळ्यांवर आपण लिहितो तेव्हा गवयावर, शाहिरावर, कवीवर लिहितो. झीलकऱ्यावर कोणी एक परिच्छेद लिहिलेला मी वाचलेला नाही. जलशात गणपतीचा गण गेला आणि जनतेचा गण आला, गौळणीतला कृष्ण गेला आणि शाळेत जाणारी बाई आली, हे सगळं बरोबर आहे, पण मागं उभ्या माणसाचा आवाज बदलला का, हे कोणी विचारलं नाही.

लाटव्हियाच्या जुन्या गाण्यात, महोत्सवाच्या आधीच्या, शेतातल्या गाण्यात एक पद्धत आहे. एक बाई ओळ 'सांगते'. दुसऱ्या बाया ती उचलतात. आणि काही बाया नुसता एक लांब सूर धरून ओढत राहतात. त्यांच्या भाषेत या तिसऱ्या बायांना 'विल्त्सेयास' म्हणतात, म्हंजे ओढणाऱ्या. सांगणारीची तिथं मोठी पत असते, पण ओढणाऱ्या थांबल्या तर गाणं कोसळतं हेही सगळ्यांना माहीत असतं. आमच्या झीलेचं नेमकं काम हेच. सांगणारा एक, ओढणारे अनेक.

आणि मग मला १४ ऑक्टोबर १९५६ दिसतो. नागपूरच्या मैदानावर बाबासाहेब भिक्खू चंद्रमणींकडून दीक्षा घेतात आणि मग स्वतः वळून समोरच्या लाखो लोकांना देतात. ते एक वाक्य म्हणतात, लाखो गळे ते वाक्य म्हणतात. बावीस प्रतिज्ञा. त्या दिवशी ह्या देशातला सर्वांत मोठा समूहस्वर उठला आणि त्याला आपण संगीत म्हणत नाही, कारण संगीत म्हंजे तंबोरा अशी आपली समजूत करून दिली गेली आहे. त्या मैदानात गवई नव्हता. सगळे झीलकरी होते. 'मी' असं प्रत्येक जण म्हणत होता आणि ऐकू 'आम्ही' असं येत होतं. त्रिशरण-पंचशील आजही आपण असंच म्हणतो. पाली किती जणांना कळतं? पण आमच्या वस्तीतल्या सत्तर वर्षांच्या बाईपासून अंगणवाडीतल्या पोरापर्यंत सगळ्यांना पाठ आहे, आणि कोणी चुकलं तर शेजारचा आवाज त्याला सावरून नेतो. वृंदगानाची ह्याहून निराळी व्याख्या मला माहीत नाही.

मी फक्त कौतुक करतो आहे असं नाही. विदर्भात सगळ्यांनी मिळून म्हणायचा आणखी एक मोठा प्रयोग झाला, तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना. मोझरीच्या गुरुकुंजातून ती खेड्याखेड्यात पोचली. सगळ्या जाती एका ओळीत बसवायच्या, खंजिरीवर एका सुरात म्हणायचं. तुकडोजींची तळमळ खरी होती, त्याबद्दल मला शंका नाही. पण प्रार्थनेला एक ओळ आणि पंगतीला दोन, हे माझ्या गावात मी पाहिलं आहे. आवाज एक झाला म्हणून माणसं एक होत नाहीत. दर १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थळी लोटणारी गर्दी, तिथली एकत्र म्हटलेली वंदना, तिथंही एक समाज स्वतःला 'आम्ही' म्हणायला शिकतो आहे. ते 'आम्ही' किती रुंद आहे हे त्यांनी तपासावं, आपलं आपण तपासू.

राष्ट्र आणि गाणं एकत्र आलं की धोका असतोच. लाटव्हियाच्या राष्ट्रगीताचं बघा. कार्लिस बाऊमानिसनं ते १८७३ च्या महोत्सवाच्या वेळी रचलं. मागणं किती साधं, देवा ह्या भूमीला आशीर्वाद दे, इथं आमच्या पोरी फुलू देत, पोरं गाऊ देत, आम्हाला आनंदात नाचू दे. कोणावर चाल करून जायचं नाही, कोणाच्या नदीवर घोडे न्यायचे नाहीत. आणि आपलं 'जय जय महाराष्ट्र माझा', १९ फेब्रुवारी २०२३ पासून जे राज्यगीत झालं? राजा बढ्यांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल, शाहीर साबळ्यांचा गळा, चाल तर अशी की पाय आपोआप ठेका धरतात. मीही उभा राहून म्हणतो. पण त्यातले घोडे यमुनेचं पाणी प्यायला निघालेले आहेत. त्यात नद्या आहेत, आमच्या जिल्ह्यात उगम पावणारी पैनगंगा नाही, हे मी जाऊ द्या म्हणतो, सगळ्या नद्या कुठं बसवणार. पण महाराष्ट्र उभा करताना ज्यांनी घामाचं गाणं म्हटलं त्यांची भाषा त्या गीतात कुठं आहे? संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णा भाऊंनी 'माझी मैना' लिहिली. पोटासाठी मुंबईत आलेल्या गड्याची गावी राहिलेली बायको, आणि तिच्या विरहात तुटलेला मुलूख. लावणीच्या अंगानं राज्याची मागणी. कोणाला पाणी पाजायचं नाही, कोणाला जिंकायचं नाही, फक्त आपलं माणूस आपल्याजवळ हवं. बाऊमानिसच्या मागण्याच्या जवळ जाणारं गीत मला हे वाटतं. ते एका मांगाच्या पोरानं लिहिलं होतं. राज्यगीत निवडताना ते कोणाच्या मनात आलं असेल असं मला वाटत नाही.

पण लाटव्हियाकडंही भोळ्या डोळ्यानं बघू नका. गाणारा देश आहे म्हणून तो निष्पाप आहे असं नाही. १९४१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रिगाजवळ रुंबुलाच्या जंगलात दोन दिवसांत पंचवीस हजारांच्या आसपास ज्यू मारले गेले. हुकूम नाझींचा होता, पण हात लावणाऱ्यांत लाटव्हियनही होते. १९९१ नंतर सोव्हिएत काळात आलेल्या रशियन भाषकांपैकी लाखो लोक नागरिकत्वाविना राहिले. म्हणजे 'आम्ही' गाताना कोण बाहेर राहतो हा प्रश्न त्यांनाही सुटलेला नाही. आपल्याला तरी सुटला आहे का? आमच्या तालुक्यातल्या जयंतीच्या मिरवणुकीत मातंग वस्तीचा माणूस वाजवायला असतो. गायला किती असतो? अण्णा भाऊंचं नाव भाषणात घ्यायचं आणि त्यांच्या भाऊबंदाला डफड्यापाशीच उभं ठेवायचं, हे चालणार नाही. आता तर डफडंही गेलं.

गाण्याला घाबरणारे मात्र सगळीकडं सारखे. सोव्हिएत राजवटीत ते राष्ट्रगीत म्हणायची बंदी होती. याझेप्स वीतोल्सचं 'उजेडाचा किल्ला' नावाचं एक समूहगीत आहे, बुडालेला किल्ला, त्याचं नाव घेतलं की तो वर येणार. १९८५ च्या महोत्सवात कार्यक्रमातून ते वगळलं होतं. लोकांनी ऐकलं नाही, हाराल्ड्स मेदनिस या म्हाताऱ्या संचालकाला पुढं आणलं आणि हजारोंनी ते म्हटलंच. चार वर्षांनी २३ ऑगस्ट १९८९ ला तीन देशांतल्या वीस लाखांच्या आसपास माणसांनी हातात हात घालून सहाशे किलोमीटरांवर साखळी केली. १९९१ मध्ये देश सुटला. आणि आमच्याकडं? मे २०१५ मध्ये शिर्डीत एका तरुण पोराच्या मोबाइलवर बाबासाहेबांचं गाणं वाजलं म्हणून वाद झाला आणि त्याला जिवानिशी मारलं. एक रिंगटोन. समीक्षक म्हणतात भीमगीत प्रचारी आहे, मारणाऱ्यांना मात्र त्याचा अर्थ नीट कळला होता.

आमच्या जिल्ह्यालाही असा एक रस्ता आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ ला झाला आणि अडकला. नोव्हेंबर १९७९ मध्ये नागपूरहून औरंगाबादकडं निघालेला लाँग मार्च आमच्या खडकपूर्णेच्या पुलावर पोलिसांनी अडवला. लोकांनी लाठ्या खाल्ल्या, अटका झाल्या. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. शेकडो किलोमीटर चालणारा माणूस मुक्यानं चालत नाही. घोषणा ही अर्धी बाजू सांगणाऱ्याची आणि अर्धी ओढणाऱ्यांची. 'जय' एकानं म्हणायचं आणि 'भीम' हजारांनी. बाल्टिकच्या त्या साखळीवर पुस्तकं झाली, चित्रपट झाले. पुलावरच्या त्या दिवशी कोणती गाणी म्हटली गेली, कोणत्या चालीवर, कोणी उचलली, हे आमच्या जिल्ह्यातल्या किती जणांनी लिहून ठेवलं?

उलट आज काय चाललं आहे? चौदा एप्रिलला ट्रॅक्टरवर भिंतीएवढे डीजे चढतात. आवाज इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, मग त्याचं गाणं कुठून ऐकू येणार? पोट्टे नाचतात, नाचू द्या, त्यांचा दिवस आहे, वर्षभर कोण नाचू देतं त्यांना. पण गळा बंद झाला आहे. ज्या चालीची अख्खी किमया ऐकणाऱ्याला गाणारा करण्यात होती, त्याच चालीवर आता गाणाऱ्याला ऐकणारा केलं जातं आहे. झीलकऱ्याची जागा यंत्रानं घेतली. मंचावर कलावंत वाढले, नाव मोठं झालं, बिदागी मोठी झाली, त्याचा मला आनंद आहे, आपल्या कलावंतानं उपाशी का मरावं? पण समोरची बाई, जी आधी दुसऱ्या कडव्याला सामील व्हायची, ती आता मोबाइल वर धरून चित्रण करते. ती गप्प झाली हे नुकसान मला कुठल्याच हिशोबात धरलेलं दिसत नाही.

लाटव्हियातली आणखी एक गोष्ट. क्रिश्यानिस बारोन्स नावाच्या माणसानं दायना गोळा केल्या. वर्तमानपत्रांतून हाक दिली, गावोगावचे मास्तर, शेतकरी, त्यांची पोरं चिठोऱ्यांवर गाणी लिहून पाठवू लागली. बारोन्सनं १८८० मध्ये लहान लहान खणांचं एक कपाट करून घेतलं आणि त्यात ती चिठोरी लावली. १८९४ ते १९१५ इतक्या वर्षांत त्यांतून दोन लाखांवर गाणी छापली. ते कपाट आज त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, २००१ मध्ये युनेस्कोनं त्याचीही जागतिक स्मृतीत नोंद केली. आमच्याकडं कपाट नाही. आमची गाणी लोखंडी पेट्यांत, जुन्या वह्यांत, पाठ असलेल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहेत आणि म्हातारे चालले आहेत. वामनदादा २००४ मध्ये गेले. विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० ला नागपुरात दीक्षाभूमीवर, कार्यक्रमातच कोसळले. ही नावाजलेली माणसं, यांचं काही तरी राहिलं आहे. चिखली, मेहकर, लोणार, मलकापूर, जळगाव जामोद इकडच्या वस्त्यांत ज्यांनी तीस-चाळीस वर्षं जयंतीला झील धरली त्यांचं काहीच राहिलेलं नाही.

तर वाचकांना सांगणं असं. ज्याच्या घरी भीमगीतांची जुनी पुस्तिका, हाताची वही असेल त्यानं ती रद्दीत घालू नये. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर एकेक गीत उतरवावं. मुखडा लिहावा, चाल कोणती ते लिहावं, ते कोणत्या गावी, कोणत्या निमित्तानं म्हटलं जायचं ते लिहावं. बारशाचं असेल, लग्नाचं असेल, मोर्च्याचं असेल, पुण्यानुमोदनाचं असेल. वस्तीतल्या बायांना आधी विचारावं, त्यांना जास्त येतं. आणि कागदावर गवयाचं नाव खाली, झील धरणाऱ्यांची नावं वर.